गोळी दुधात मिसळू नका, आणि क्लासही सोडवू नका

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३८ वर्षांच्या, पुण्यात राहतात. त्यांची ताई नाशिकला असते. वय ४३, रसायनशास्त्रात एम.एस्सी., घरी नवरा आणि १२ वर्षांची मुलगी. नऊ वर्षांपासून ताईला थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती. तीन वर्षांपूर्वी पाठदुखीसाठी ती सकाळच्या योगवर्गाला जाऊ लागली आणि पाठ खरोखरच बरी झाली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र आसनांपेक्षा वेगळाच मजकूर जास्त येतो. आयोडीनचं मीठ हा परदेशी कंपन्यांचा डाव आहे, थायरॉइडची गोळी म्हणजे जन्माचं गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मुलींना वांझ करण्यासाठी आहे, असं बरंच काही. अडीच महिन्यांपूर्वी ताईनं गोळी बंद केली. घरात गुलाबी मीठ आलं. भाचीला लस द्यायची नाही असं ठरलं. पत्रलेखिकेनं फॅक्टचेकच्या लिंकांवर लिंका पाठवल्या, त्यावरून गणपतीत सगळ्यांसमोर वाजलं आणि तेव्हापासून बोलणं बंद आहे. ताईचं म्हणणं, "गोळी सोडून काही झालं नाही, उलट हलकं वाटतंय." पत्रलेखिकेच्या मते ती स्वतःला फसवतेय. आईचं म्हणणं, भाऊजींनी गोळी कुटून रात्रीच्या दुधात घालावी. पत्रलेखिका विचारतात: एवढी शिकलेली ताई इतकी भोळी कशी झाली? तिला पटेल असा पुरावा कुठला द्यायचा? आणि त्या क्लासमधून तिला बाहेर कसं काढायचं?

---

नमस्कार.

आधी दुधाचा प्रश्न निकालात काढू, कारण तो आज रात्रीचा आहे. आईंना सांगा, हे करू नका. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. जेवणानंतर आणि दुधाबरोबर ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे चोरून दिलेली गोळी धड लागूही पडणार नाही. पण ती पडली असती तरी उत्तर हेच राहिलं असतं. आपल्या नकळत आपल्या शरीरात काहीतरी घातलं जातंय, असा ज्या बाईचा आरोप आहे, तिच्या दुधात घरच्यांनीच काही घालायचं? एक दिवस पेल्याच्या तळाशी पांढरा साका दिसेल आणि तिचा संशय त्या दिवसापुरता तरी शंभर टक्के खरा ठरेल. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला औषध नाकारण्याचा हक्क आहे. तो आपल्याला कितीही जड गेला तरी.

आता 'भोळी' या शब्दाबद्दल. भोळा माणूस कुणावरही विश्वास टाकतो. तुमची ताई डॉक्टर, कंपनी, सरकार, वर्तमानपत्र यांपैकी कुणावरच टाकायला तयार नाही. याला भोळेपणा म्हणत नाहीत. हा संशय आहे, फक्त तो एकाच दिशेला धावतो. कंपनीच्या गोळीला जे प्रश्न ती विचारते, ते ग्रुपवरच्या व्हिडिओला विचारत नाही. शिक्षणानं यात फार फरक पडत नाही. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला आपल्या मताच्या बाजूनं जास्त चांगले मुद्दे मांडता येतात, एवढंच.

आणि त्या संशयाला मुळं आहेत, हे तुम्ही आधी स्वतःशी मान्य करा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्यानं १४ रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ६० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या अनेक सक्तीच्या होत्या. ज्या लशीवरून तुमच्याकडे भांडण आहे, तिचाही इतिहास स्वच्छ नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात तिचा प्रायोगिक प्रकल्प झाला, त्यात कित्येक आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. प्रकल्प थांबवावा लागला, २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक अहवाल दिला. प्रकल्पाच्या काळात सात मुली दगावल्या. चौकशीत त्यांची कारणं बुडणं, सर्पदंश, मलेरिया अशी निघाली, लशीशी संबंध आढळला नाही. पण संमतीचा घोटाळा खरा होता, आणि ताईच्या ग्रुपवरचा मजकूर अशाच खऱ्या तुकड्यावर उभा असतो.

म्हणून 'असं काही नसतंच' हे वाक्य तुमच्या तोंडी नको. असतं. फक्त खऱ्या प्रकरणांचा नमुना बघा: त्यात गावाचं नाव असतं, तारीख असते, सही कुणाची ते असतं, आणि ती शवविच्छेदनातून, दप्तरातून, चौकशीतून बाहेर येतात. मिठाच्या आणि गोळीच्या कटात यातलं काहीच नाही. तिथे 'ते' असतात. 'त्यांना' आपण आजारी हवे असतो.

हे योगाच्याच वर्तुळात का शिरतं, यावर बाहेरही विचार झालाय. शार्लट वॉर्ड आणि डेव्हिड वोआस या अभ्यासकांनी २०११ मध्ये अध्यात्म आणि कटसिद्धांत यांच्या या मिश्रणाला 'कॉन्स्पिरिच्युॲलिटी' असं नावही दिलं. करोनाच्या काळात वर्ग ऑनलाइन गेले, प्रत्येक वर्गाचा ग्रुप झाला, आणि सकाळच्या श्लोकाखाली दुपारी लशीचा व्हिडिओ येऊ लागला. पण तुमच्या ताईच्या बाबतीत कारण याहून साधं आहे. तिची पाठ बरी झाली. हाडाच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या आणि पट्टा लिहून दिला असेल, आणि योगवर्गाच्या सरांनी तिला महिनाभर रोज, नाव घेऊन, हात धरून वाकायला शिकवलं. ज्यानं पाठ बरी केली त्याचं मिठाबद्दलही ऐकावं, असं कुणालाही वाटेल. विश्वास विषयवार वाटून देता येतो, हे आपल्याला कुणी शिकवतच नाही.

आता तिच्या सगळ्यात भक्कम पुराव्याकडे या: "गोळी सोडून काही झालं नाही." तुम्ही लिहिलंय की ती स्वतःला फसवतेय. तसं नाही. ती जे सांगतेय ते बहुधा खरंच घडलंय, आणि का घडलं हे तुम्हाला कळलं तर वादाची अर्धी गरजच उरणार नाही.

या गोळीतलं हार्मोन रक्तात रेंगाळतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. पुढच्या सात दिवसांत त्याच्या निम्मं. म्हणजे गोळी बंद करून महिना झाला तरी थोडा साठा शिल्लक असतो. शिवाय ताईची स्वतःची ग्रंथी थोडंफार काम करत असेल, तर घसरण आणखी संथ होते. रक्तदाबाची गोळी सोडली तर यंत्रावर काही दिवसांत आकडा दिसतो. इथे पहिला महिना खरोखर काही होत नाही. ज्यांचा डोस किंचित जास्त असतो, त्यांची धडधड थांबते आणि पहिले काही आठवडे बरंच वाटतं. "हलकं वाटतंय" हे असं येतं.

मग हळूहळू थंडी जास्त वाजते, पोट साफ होत नाही, केस जास्त गळतात, कातडी कोरडी पडते, पाळीत रक्तस्राव वाढतो, दुपारी डोळे मिटतात. प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण सापडतं: हिवाळा, वय, दगदग. आणि ग्रुपवर या सगळ्याला आधीच नाव ठेवलेलं असतं, शुद्धीकरण. 'हीलिंग क्रायसिस' हाही शब्द चालतो. बरं वाटलं तर उपाय लागू पडला, बरं नाही वाटलं तर विष बाहेर पडतंय. दोन्ही दारं बंद. त्यात एक खास योगवर्गातली मेख आहे: थायरॉइड कमी पडला की नाडी मंदावते. प्राणायामानं नाडी शांत होते हे सगळ्यांनाच माहीत असल्यानं, ५२ चा ठोका बघून ग्रुपवर टाळ्या पडतात.

म्हणजे ताईला चुकीची माहिती मिळाली आणि तिनं गोळी सोडली, एवढीच ही गोष्ट नाही. तिनं गोळी सोडली, शरीरानं तिला पहिले काही आठवडे 'तुझं बरोबर आहे' असं सांगितलं, आणि मग डॉक्टर उलट का सांगत होते याचं उत्तर तिला हवं झालं. ते उत्तर कटानं दिलं. त्यामुळे कटावर कितीही बोललात तरी तळाचा अनुभव जागच्या जागी राहतो. लिंका पाठवणं आजपासून बंद करा. पन्नास गेल्या, एक्कावन्नावीनं फरक पडणार नाही. तिला पुरावा द्यायच्या मागे लागू नका. तो तिच्याच रक्तात आहे, तिनं तो स्वतः मोजावा इतकंच आपल्याला हवं.

अडीच महिने झालेत, म्हणजे आत्ता केलेली तपासणी खरं सांगेल. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हे वाढतं) आणि फ्री टी-फोर (रक्तातलं खुद्द थायरॉइडचं हार्मोन), दोन्ही. काही शे रुपयांचं काम आहे. पण ही तपासणी फसण्याच्या जागा आहेत, त्या तुम्हाला आधी माहीत हव्यात.

पहिली आणि मोठी जागा म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व. केस गळायला लागले की बायका केस-त्वचा-नखांच्या गोळ्या किंवा गमीज सुरू करतात, त्यात ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. शरीराला लागतं ते रोज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे हे शेकडो पटींनी जास्त झालं. बऱ्याच प्रयोगशाळांमधली चाचणी बायोटिनवरच आधारलेल्या पद्धतीनं होते, त्यामुळे जास्तीच्या बायोटिननं टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसू शकतो. 'गोळी सोडून थायरॉइड बरा झाला' असे जे रिपोर्ट फिरतात, त्यातले काही असे निघण्याची शक्यता आहे. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, जमल्यास तीन दिवस हे बंद ठेवायचं. अश्वगंधेची चूर्णं-कॅप्सूलही थायरॉइडचे आकडे हलवू शकतात, तेव्हा ती चालू असेल तर लिहून ठेवायचं. दुसरं, टीएसएच पहाटे-सकाळी जास्त आणि दुपारी कमी असतो. म्हणून सकाळी आठच्या सुमारास, आणि पुढच्या वेळीही त्याच वेळी, त्याच प्रयोगशाळेत.

तिसरी गोष्ट मात्र रक्ताआधीची आहे. नऊ वर्षांपूर्वीची फाईल शोधा. गोळी सुरू झाली तेव्हा टीएसएच किती होता? ६ होता की ६०? अँटी-टीपीओ नावाची प्रतिपिंडांची चाचणी झाली होती का, आणि ती जास्त आली होती का? सुरुवातीचा आकडा मोठा आणि प्रतिपिंडं जास्त, तर ग्रंथी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं झिजतेय आणि गोळी बहुधा कायम लागेल. पण आकडा पाच-सहाच्या घरात असताना कुणी गोळी सुरू केली असेल, तर ती आज नकोही असू शकते. अशा बऱ्याच जणांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद होते.

हे मी मुद्दाम सांगतोय. रिपोर्ट चांगला आला, तर तुम्ही मान्य करणार का? ताईला विचारायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही फक्त तिला हरवायला तपासणी मागत असाल, तर ते तिला फोनवरूनही कळेल.

म्हणून आकडे आधी ठरवा, दोघींनी, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पानामागे लिहून ठेवा. टीएसएच साधारण ४.५ च्या आत: गोळीचा विषय बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ४.५ ते १० आणि टी-फोर ठीक: सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे. १० च्या वर, किंवा टी-फोर कमी: त्याच आठवड्यात डॉक्टर. प्रयोगशाळेगणिक मर्यादा थोड्या बदलतात, त्या रिपोर्टवरच छापलेल्या असतात. लिहून ठेवायचं कारण असं की रिपोर्ट आल्यावर माणसं गोलचे खांब हलवतात. तीही हलवेल, तुम्हीही हलवाल.

मोजमाप म्हटलं की 'ही पाश्चात्त्य नजर' असं उत्तर येऊ शकतं. त्याला महाराष्ट्रातच जवाब आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम हे योगकेंद्र उभं केलं ते प्रयोगशाळेसकट. नौली या पोट घुसळण्याच्या क्रियेच्या वेळी पोटात दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापकानं मोजलं, क्ष-किरण चित्रं घेतली, आणि आकडे 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. योग कमी पडेल अशी भीती त्यांना वाटली नाही. हे ताईला सांगा, पण टोमण्यासारखं नको. तिला हे नाव बहुधा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता बोलायचं कसं. फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच, आईंच्या समोरही नको. नाशिकला जा, दोन दिवस राहा, आणि एका सकाळी तिच्याबरोबर क्लासला जा. खरंच जा. सहा वाजता चटई घेऊन. योगाशी तुमचं वैर नाही हे त्यानं जितकं कळेल तितकं कुठल्याही वाक्यानं कळणार नाही, आणि सर कसे आहेत हेही स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पहिल्या दिवशी गोळीचा विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी, दोघीच असताना, सुरुवात माफीनं करा: "ताई, गणपतीत सगळ्यांसमोर बोलले ते चुकलंच माझं." आणि तिथे थांबा. 'पण' लावू नका.

मग विचारा, "गोळी चालू असताना तुला नक्की काय त्रास व्हायचा गं?" हा प्रश्न तिला अडीच महिन्यांत कुणी विचारला नसेल. धडधड व्हायची का, वजन उतरत नव्हतं का, डॉक्टर मान वर न करता डोस वाढवायचे का. यातलं बरंच खरं असेल आणि त्यावर उपायही असेल. धडधड असेल तर डोस जास्त असू शकतो. गोळी घेऊनही मरगळ असेल तर ती चहाबरोबर घेतली जात असेल, किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांशी चार तासांचं अंतर पाळलं जात नसेल. तक्रार मान्य झाली की माणसाला सिद्धांताची गरज थोडी कमी होते. थोडीच.

नंतर एकच प्रश्न, आणि तो दोन्ही बाजूंनी: "काय दिसलं तर तुला वाटेल की गोळी लागते? आणि मला काय दिसलं तर मी म्हणावं की लागत नाही?" ती म्हणेल, मला आतून कळेल. त्यावर वाद न घालता म्हणा, "बरं. मग आतून जे कळतंय ते आणि कागदावरचं, दोन्ही शेजारी ठेवून बघू." ती नाही म्हणाली तर त्या दिवशी सोडून द्या. "महिन्यानं पुन्हा विचारते" एवढं सांगून पुण्याला या, आणि मधल्या काळात आठवड्यातून दोनदा फोन करा, मेथीच्या लाडवांबद्दल, भाचीच्या गणिताबद्दल. गणपतीपासून तुमचं बोलणं बंद आहे, म्हणजे एवढे दिवस तिच्याशी रोज बोलणारा फक्त तो ग्रुप आहे.

भाऊजींना हेर करू नका. फक्त एका गोष्टीवर त्यांनी डोळा ठेवावा: चेहरा सुजणं, अंग गार पडणं, बोलण्यात गोंधळ, न उठण्याइतकी झोप, धाप. असं काही दिसलं तर चर्चा बंद, त्याच दिवशी रुग्णालय. हे क्वचित घडतं, पण घडलं की जिवावर बेतू शकतं. आणि अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी: गोळी सोडलेली बहीण किंवा वहिनी गरोदर असेल, किंवा पाळी चुकली असेल, तर वरचं सगळं संथपणाचं धोरण गुंडाळून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर चालते. तिथे महिन्याची वाट बघायची नसते.

ताई तयार झाली तरी जुनी बाटली उघडून स्वतःच सुरू करू नका. इतक्या खंडानंतर डोस डॉक्टरांनी ठरवावा, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर. जाताना ती घेत असलेल्या प्रत्येक काढ्याचा, चूर्णाचा डबा बरोबर न्या. करोनाकाळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली, पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वनस्पती दुसरीच असेल असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी डॉक्टरांना डबा दिसायला हवा, एवढं दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. आणि वेळेचं म्हणाल तर तिची दिनचर्या या गोळीसाठी आदर्श आहे. पाचला उठून पाण्याबरोबर गोळी, सहाला क्लास, सव्वासातला चहा. डॉक्टरांना हवं असलेलं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर क्लासच पाळून देतो.

'जन्माचं गिऱ्हाईक' या मुद्द्याला एक साधं उत्तर आहे, विषय निघालाच तर. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईवर उपचार केले, ती पुढे २८ वर्षं जगली. आजची गोळी त्याच हार्मोनची. १९२७ पासून ते प्रयोगशाळेत बनवता येतं, त्यावर आता कुणाचं पेटंट नाही, आणि आपल्याकडे दिवसाला दोन-अडीच रुपये खर्च येतो. अशा ग्रुपवर 'थायरॉइड किट' विकला जात असेल, तर तो महिन्याला कितीला पडतो, हा हिशेब ताईलाच करू द्या.

मिठाचा विषय वेगळा आहे आणि तो गोळीशी जोडू नका. ताईचा थायरॉइड प्रतिकारशक्तीच्या आजारानं कमी झाला असेल तर आयोडीनच्या मिठानं तो बरा होणार नाही, आणि गुलाबी मिठानं लगेच बिघडणारही नाही. मिठाचा प्रश्न भाचीचा आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघर होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन तो कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. बिनआयोडीनचं खायचं मीठ विकण्यावर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये सरकारनं ती उठवली, २००६ पासून पुन्हा लागू झाली. सक्ती असावी का, छोट्या मिठागरांचं काय, यावर स्वदेशीवाल्यांनी आणि इतरांनी उघड भांडण केलं होतं. त्या भांडणात त्यांचे काही मुद्दे रास्तही होते. मात्र जी गोष्ट दिवसाढवळ्या आली, गेली आणि परत आली, तिला गुप्त डाव म्हणणं अवघड आहे.

नियमाप्रमाणे दुकानातल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन लागतं. प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरतं. गुलाबी मिठाच्या बहुतेक पाकिटांत ते घातलेलं नसतं, पाकिटावर वाचून बघा. '८४ खनिजं' असतीलही, पण चमचाभर मिठातून मिळणारी मात्रा नगण्य असते, आणि गुलाबी रंग लोहाचा. (सैंधव म्हणजे सिंधूकडचं. या मिठाची सगळ्यात नावाजलेली खाण पाकिस्तानातल्या खेवड्याला आहे. परदेशी डावावर हा उतारा म्हणजे गंमतच, पण ही गंमत ताईसमोर करू नका.) तोडगा सोपा आहे: ताईनं तिच्या ताटात वरून गुलाबी मीठ घ्यावं, स्वयंपाकातलं मीठ मुलीसाठी साधं आयोडीनयुक्त असावं. भाऊजींनी हे आपल्या मुलीचा बाप म्हणून उघड सांगावं. मीठ एकूणच कमी खावं यावर तर ग्रुप आणि डॉक्टर दोघांचं एकमत निघेल.

सरांचं काय? आधी बघा की हा मजकूर टाकतं कोण. पुष्कळदा सर आसनं शिकवतात आणि दोन-तीन उत्साही सभासद दिवसभर फॉरवर्ड करतात. सर गप्प असतात, कारण फी त्यांच्याकडूनच येते. असं असेल तर त्यांना एकांतात, आदरानं, एकच विनंती करा: "डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बंद करू नका, एवढं वर्गात एकदा तुमच्या तोंडून सांगा." बहुतेक चांगले शिक्षक सांगतील. हे एक वाक्य ताईच्या कानावर तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा जड पडेल. ते स्वतःच गोळ्या सोडायला लावत असतील आणि किट विकत असतील, तर गोष्ट वेगळी. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, रक्तदाबाबरोबर गलगंडही आहे. या आजारांवर औषधानं बरं करण्याची जाहिरातच करता येत नाही. २०२४ मध्ये पतंजली आयुर्वेदला जाहिरातींच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर माफी मागून ती वर्तमानपत्रांत छापावी लागली. जाहिरातीचा फोटो, पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार त्यावर होते. पण आत्ता नको. ताई अजून त्यांच्या बाजूला उभी आहे, तक्रारीचा पहिला धक्का तिलाच बसेल.

भाचीच्या लशीचा विषय शेवटी घेतला, कारण तुम्हीही तो शेवटीच घ्यावा असं वाटतं. रोग लहान नाही. २०२० च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १,२४,००० नव्या रुग्ण होत्या. पण ती १२ वर्षांची आहे. ९ ते १४ या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात, काही ठिकाणी आता एकच. १५ नंतर सुरू केली तर सहसा तीन. म्हणजे तुमच्या हातात दोन वर्षं आहेत, आणि गोळीच्या बाबतीत दोन महिनेही नाहीत. मावशीनं परस्पर दवाखान्यात नेण्याचा विचार डोक्यात आला असेल तर दुधाच्या पेल्याबद्दलचा परिच्छेद पुन्हा वाचा. टीएसएचचा कागद एकदा दोघींनी मिळून वाचला, की मग खम्ममच्या संमतिपत्रांपासून सुरुवात करा. ताईचा राग तिथे योग्य आहे. आणि तुमच्या भाचीच्या संमतिपत्रावर सही वॉर्डनची नसेल, तिच्या आईचीच असेल.